सतराव्या मजल्यावर डास येतो कसा, आणि घरात राहून त्याचं शरीर बदलतं का?

प्रश्न घणसोलीहून आला आहे. थोडक्यात असा: "आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. खिडक्यांना जाळ्या आहेत, तरी भर दिवसा घोट्याला डास चावतात. लिक्विड लावून काही उपयोग नाही. झुरळांचंही तेच. जेल लावलं की चार महिने शांतता, मग पुन्हा सुरू. हे प्राणी घरात राहायला सरावलेत का? त्यांच्या शरीरातच काही बदल झालाय, की आमचीच बेशिस्त?"

दोन्ही. बेशिस्तीचा हिशेब शेवटी करू, आधी शरीराचं बघू.

मी हिवताप विभागात कीटक समाहारक म्हणून कामाला लागलो. पदाचं नाव भारदस्त, काम साधं. पहाटे लोकांच्या घरात शिरायचं, एका हातात टॉर्च, तोंडात रबरी नळी, तिच्या टोकाला काचेची नळी. भिंतीवर बसलेला डास दिसला की हलकेच ओढून घ्यायचा. मग हिशेब लिहायचा: दर माणशी तासाला किती डास. कळव्यापासून दिघ्यापर्यंतच्या चाळी, घणसोली-गोठिवलीची गावठाणं, कोपरीतल्या इमारती, सगळीकडे हेच. एका आजींनी विचारलं होतं, "एवढे डास नेऊन लोणचं घालतोस का रे बाबा?" तीसेक वर्षं हे केल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते. घरातला डास कुठे बसला असेल हे दारातूनच कळतं: खुंटीवरचा काळा परकर, पलंगाखालची बॅग, देवाच्या तसबिरीची मागची बाजू. त्याला तुमचं घर तुमच्यापेक्षा बरं माहीत असतं.

पण 'सरावला' हा शब्द मला खटकतो. एक डास जगतो दोन-चार आठवडे. तेवढ्यात तो काय सरावणार? होतं ते असं. हजार डासांतल्या ज्या दहांना तुमच्या घरात निभाव लागण्याजोगं शरीर जन्मतःच मिळालेलं असतं, ते टिकतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. वर्षाला पंधरा-वीस पिढ्या सहज होतात. आपल्या घराण्यात वीस पिढ्या मागे गेलं तर शिवरायांच्याही आधीचा काळ येतो. म्हणजे डासाच्या हिशेबात तुमच्या सोसायटीला ओसी, म्हणजे राहायला परवानगी, मिळाल्यापासून पुराणकाळ उलटलाय.

घोट्याला दिवसा चावतो तो एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर तंतुवाद्याच्या चौकटीसारखी पांढरी नक्षी. डेंग्यू, चिकुनगुनिया याच्याकडून. तो मूळचा आफ्रिकेतला. तिथल्या जंगलात त्याची जुनी जात अजून आहे: रंगाने गडद, झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात अंडी घालणारी, माणसापेक्षा इतर प्राण्यांचं रक्त पसंत करणारी. घरातली जात तिच्या मानाने फिकट आहे आणि पोटाच्या सुरुवातीच्या पट्टीवर पांढरे खवले आहेत. रंग ही वरवरची गोष्ट झाली. खरा फरक नाकात आहे. माणसाच्या अंगाच्या वासात सल्कॅटोन नावाचं एक रसायन बरंच असतं. ते टिपणारा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे वास पकडणारा रेणू) घरातल्या एडिसच्या स्पर्शिकांमध्ये, म्हणजे डोक्यावरच्या मिशांमध्ये, जास्त संवेदनशील असतो, हे २०१४ मध्ये केनियातल्या रानटी आणि घरगुती डासांची तुलना करून दाखवलं गेलं. शेळी आणि माणूस शेजारी उभे केले तर तो माणसाकडे येतो, तो या नाकामुळे.

रान सोडून तो आपल्याकडे वळला कशाला? सध्या सगळ्यात पटणारं उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या सहेल पट्ट्यातून, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या भागातून, येतं. तिथे कोरडा हंगाम लांबलचक. ढोल्या सुकतात, डबकी आटतात. अशा वेळी पाणी उरतं ते फक्त माणसाने साठवलेलं. ज्या डासिणीला माठ-रांजण शोधता आला, माणसाजवळ राहणं जमलं, तिचीच अंडी पुढच्या पावसापर्यंत पोचली. ही घटना काही हजार वर्षांपूर्वीची. मला यात गंमत वाटते ती ही, की गाई-बैल आपण माणसाळवले असं म्हणतो, पण हा प्राणी माठाने माणसाळवला.

त्या कोरड्या हंगामाची खूण त्याच्या अंड्यात आहे आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं शरीर-वैशिष्ट्य तेच. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर एकेक करून चिकटवते. घातल्यावर पहिल्या दिवसाभरात आतला गर्भ कवचाच्या आत स्वतःभोवती आणखी एक चिवट अस्तर तयार करतो. ते एकदा झालं की अंडं सुकून मरत नाही. महिनोन्महिने कोरडं राहतं, जिवंत राहतं. पुन्हा पाणी लागलं की फुटतं. वरून सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही पहिल्या भिजण्याला फुटतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी मागे राहतात. मुदत ठेवीसारखा प्रकार आहे. एप्रिलमध्ये रिकामं करून उपडं ठेवलेलं पिंप तुम्ही जूनमध्ये सरळ करता, पाणी भरता, आणि आठवड्याने म्हणता, "पावसाबरोबर डास आले." पाऊस नुसतं निमित्त. डास पिंपाच्या भिंतीलाच होते.

आता सतरावा मजला. एडिस फार उडणारा नाही. त्याचं सगळं आयुष्य बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आत संपतं. घरात रक्त, पाणी, काळोख, सावली सगळं हाताशी असताना लांब उडून करायचंय काय? तो सतरा मजले पंख मारत वर येत नाही. एखादी मादी लिफ्टमधून तुमच्याबरोबर येते, एखादी जिन्याने मजला-मजला करत येते, आणि एकदा वर आली की तिला खाली जायची गरजच उरत नाही. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, फ्रीजच्या मागचा ट्रे, वापरात नसलेल्या बाथरूमची जाळी, डक्टमधल्या स्लॅबवर एसीचं ठिबकलेलं पाणी. पुढच्या पिढ्या 'जन्माने सतराव्या मजल्यावरच्या'. जाळ्या लावल्यात म्हणता ना? मग त्या आता आतल्यांनाच आत ठेवतायत.

आणखी एक. बहुतेक डासिणी एकदा पोटभर रक्त पितात, अंडी घालतात, मग पुन्हा. ही मात्र एकाच खेपेच्या अंड्यांसाठी दोन-तीनदा चावते, फुलांच्या रसावर फारशी अवलंबूनही राहत नाही. जरा हललात की उडते आणि शेजारच्याला चावते. म्हणून एकाच घरात तीन जणांना आठवड्यात डेंग्यू होतो.

मलेरियाचा डास वेगळा: अॅनोफिलिस स्टिफेन्सी. हा आपल्या मुंबई-ठाणे पट्ट्याचा जुना भाडेकरू. त्याचं शास्त्रीय वर्णन १९०१ मध्ये लिस्टन या ब्रिटिश डॉक्टरने केलं. याच लिस्टनने पुढे मुंबईत प्लेग आणि उंदरावरच्या पिसवा यांच्या नात्यावर मोठं काम केलं. १९११ मध्ये बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची चौकशी केली तेव्हा बोट गेलं ते घरोघरच्या विहिरींकडे. विहिरी बुजल्या. डास गच्चीवरच्या टाकीत गेला. पुढे टॉवर उभे राहायला लागले तसा स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट मुरवायला, साठवलेल्या पाण्यात, लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात. त्याला हवं असतं स्वच्छ, सावलीतलं, भिंतींनी बांधलेलं पाणी. घोडबंदर रोड असो की उलवे, बांधकाम चालू असलेली प्रत्येक इमारत त्याच्यासाठी एक उभी विहीर आहे.

याच्या शरीरावर घराची खूण कुठे, हे मला कोणी विचारलं की मी अंडं दाखवायचो. सूक्ष्मदर्शकाखाली हे अंडं होडीसारखं दिसतं. दोन्ही बाजूंना हवेने भरलेले तरंगते कप्पे, आणि त्यांवर आडव्या कडा. या कडा मोजायच्या. १४ ते २२ भरल्या तर तो शहरी प्रकार, म्हणजे मलेरियाचा पक्का वाहक. ९ ते १५ असतील तर खेड्यातला 'मायसोरेन्सिस' प्रकार, जो गुरांना जास्त चावतो आणि मलेरिया पसरवण्यात कच्चा. १२ ते १७ असतील तर या दोन्हींच्या मधला प्रकार. आकडे एकमेकांवर चढतात, म्हणून एका अंड्यावरून निकाल द्यायचा नाही. एका मादीची बरीच अंडी मोजायची आणि सरासरी बघायची. डोळे जायची वेळ येते. कडा जास्त म्हणून मलेरिया जास्त, असं मात्र कोणी समजू नये. ती ओळखीची खूण आहे, कारण नव्हे. शहरी जीवन ज्या वंशाला मानवलं, त्याच्या अंड्यावर योगायोगाने हा शिक्का राहिला आहे, एवढंच माझं मत.

शहरी स्टिफेन्सीचं दुसरं वैशिष्ट्य प्रयोगशाळेतल्या माणसांना चांगलं ठाऊक असतं. रानातल्या कित्येक अॅनोफिलिस जातींचं मीलन पिंजऱ्यात होतच नाही. नरांना संध्याकाळी उघड्यावर थवा करायला मोकळं आभाळ लागतं. स्टिफेन्सीला एक-दीड फुटाचा जाळीचा पिंजरा पुरतो. जो पिंजऱ्यात संसार करू शकतो, त्याला लिफ्टचा खड्डा म्हणजे दरबार हॉल. हाच डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, मग इथिओपियात, सुदानमध्ये, श्रीलंकेत. आफ्रिकेत मलेरिया हा मुख्यतः खेड्यांचा आजार होता. आता तिथल्या शहरांना आपल्या टाकीतला पाहुणा मिळालाय.

गटारातला क्युलेक्स मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याच्यात लपवण्यासारखं काही नाही. घाण पाणी, सेप्टिक टँक, रात्रीची गुणगुण, हत्तीपाय रोग. त्याचा युरोपातला एक चुलतभाऊ मात्र सांगण्यासारखा आहे, जो लंडनच्या भुयारी रेल्वेत प्रसिद्ध झाला. त्याची मादी पहिली अंडी रक्ताशिवाय घालू शकते, अळी असताना खाल्लेल्या साठ्यावर. बंद जागेत मीलन करते, थंडीत झोपी जात नाही. पूर्वी समज होता की हे सगळं त्या भुयारात शंभर वर्षांत घडलं. अलीकडच्या जनुकीय अभ्यासाने ते खोडलं. हा वंश भूमध्य समुद्राच्या भागात, माणसाच्या सुरुवातीच्या वस्त्यांभोवती कधीच तयार झालेला होता. भुयारात तो तयार होऊनच आला. शरीर बदलतं हे खरं, पण प्रत्येक वेळी आपल्याच डोळ्यांदेखत बदलतं, असं नाही.

याचं सगळ्यात पक्कं उदाहरण ढेकूण. तो चपटा आहे, पंखांच्या जागी दोन छोट्या टिकल्या उरल्यात, फटीत पत्त्यासारखा सरकतो. पाहताना वाटतं की खाटेसाठीच बनवलाय. पण पंख त्याने आपल्या घरात नाही गमावले. त्याचे पूर्वज गुहेत वटवाघळांवर जगत होते, तेव्हाही त्यांना पंख नव्हतेच. माणूस गुहेत गेला, ढेकणाला आयतं दुसरं पांघरूण मिळालं. (ढेकूण आजार पसरवतो असं अजून कुठे सिद्ध झालेलं नाही, म्हणून तो खरं तर या उत्तरात घुसखोर आहे. पण राहू दे.) आपल्याकडे उष्ण प्रदेशातली जात जास्त आढळते आणि तिच्या पायाच्या टोकाला चिकटणारे केस जास्त असतात, त्यामुळे ती गुळगुळीत पृष्ठभागावरही चढते. पूर्वी खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. आज तोच उपाय प्लास्टिकच्या चकचकीत सापळ्यांच्या रूपाने विकला जातो. थंड देशातल्या जातीसाठी तो बरा, आपल्या ढेकणासाठी कमी भरवशाचा.

घर जे मागत नाही ते शरीर सोडून देतं, हे स्वच्छ दिसतं ते दक्षिण अमेरिकेत. तिथे ट्रायाटोमा नावाचा रक्तपिपासू ढेकणाच्या नात्यातला किडा चागास आजार पसरवतो, ज्याचं वर्णन ब्राझीलच्या कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये केलं. बोलिव्हियातल्या दगडांच्या राशींत रानटी गिनीपिगांबरोबर राहणारा हा किडा मातीच्या घरांत आला आणि देशोदेशी पसरला. घरात राहिलेल्या किड्यांचं माप अनेक अभ्यासकांनी घेतलंय. अंगाने लहान, नर-मादीतला आकाराचा फरक कमी, आणि स्पर्शिकांवरच्या वास-उष्णता टिपणाऱ्या सूक्ष्म केसांची संख्या रोडावलेली. कारण सरळ आहे. रानात सावज शोधावं लागतं, वारा-थंडी ओळखावी लागते. घरात सावज रोज रात्री त्याच जागी आडवं होतं. एवढी उपकरणं बाळगायची कशाला? लहान शरीराला फट लहान पुरते, रक्तही कमी लागतं. त्याचा एक नातलग आपल्या किनाऱ्यावर उंदरांच्या आसपास आढळतो. चागास आपल्याकडे नाही, घाबरू नका.

आणि हो, झुरळं. स्वयंपाकघरातलं ते छोटं, तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ 'जर्मन' म्हणवतं, कारण १७६७ मध्ये सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तसं नाव दिलं. जर्मनीचा त्यात दोष नाही. २०२४ मध्ये जगभरातल्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा वंश सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात आशियाई रानझुरळापासून फुटला. म्हणजे घरचंच पोर, परदेशी नावाने परत आलेलं. रानातलं भावंड दिव्याकडे छान उडत येतं. घरातल्याला पंख पूर्ण आहेत, पण तो उडत नाही. शेगडीच्या मागून सिंकखाली जायला उडायचं कशाला? आणि गंमत म्हणजे माणसाच्या इमारतींबाहेर तो स्वतंत्रपणे कुठे नांदताना सापडतच नाही. आतड्याचे आजार पसरवणारे जंतू पायावर घेऊन फिरतो, पण मुक्काम आपल्याच घरी.

तुमच्या जेलची गोष्टही याच झुरळाशी जोडलेली. जेलमध्ये विष असतं आणि ते खावंसं वाटावं म्हणून गोडवा. १९९३ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की काही झुरळं ग्लुकोज असलेलं आमिष न खाताच टाकतात. पुढे कळलं की त्यांच्या तोंडातल्या कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजलाही प्रतिसाद द्यायला लागल्यात. त्यांना साखर कडू लागते! गोडखाऊ मेले, गोड नावडणारे वाचले. तुमच्या घरात नेमकं हेच झालंय असं मी इथे बसून सांगू शकत नाही. तुर्भ्याच्या मार्केटातून खोक्यांमधून नवी झुरळं येत असण्याची शक्यताही तेवढीच आहे. पण चार महिन्यांनी तेच जेल पुन्हा लावण्यापेक्षा वेगळं आमिष आणि वेगळं औषध असलेलं जेल वापरून बघा.

लिक्विडला दाद न देण्यामागेही शरीरच. लिक्विड आणि मॅटमधली औषधं पायरेथ्रॉइड गटातली. ती कीटकाच्या मज्जातंतूवरच्या सोडियमच्या दरवाज्यावर काम करतात. डीडीटीचं लक्ष्यही तोच दरवाजा. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली. ज्या डासांच्या दरवाज्याची बिजागरी जरा वेगळी होती, ते तेव्हाच टिकले. म्हणजे तुमच्या लिक्विडच्या जाहिरातीआधीच अर्धा धडा त्यांच्या पणज्यांनी गिरवलेला. दुसरा उपाय म्हणजे कातडं. सिडनी विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात औषधाला जास्त वेळ तग धरणाऱ्या ढेकणांचं बाह्यकवच जाड निघालं. आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासांमध्येही पायाचं कवच जाड झाल्याचं दिसलंय. फवारलेल्या भिंतीवर डास बसतो तो पायावरच. धुरीकरणाबद्दल मला लोक नेहमी विचारायचे. सोसायट्यांना धूर दिसला की समाधान वाटतं. धूर उडणाऱ्या डासाला मारतो, परकराच्या घडीत बसलेल्याला क्वचित, आणि अंड्याला अजिबात नाही.

आता बेशिस्तीचं. तुमच्या घोट्याला चावणारा डास बहुधा तुमच्याच मजल्यावर, फार तर वर-खाली दोन मजल्यांत जन्मलाय. म्हणून शोध खाडीकडे बघत करू नका, घरात करा. टॉर्च घेऊन दर आठवड्याला एक फेरी मारा. पाण्यात अळी डोकं खाली करून लोंबकळत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल तर अॅनोफिलिस, आणि मग गच्चीवरच्या टाकीचं झाकण तपासायची पाळी सेक्रेटरींची. गप्पी मासे बिनवापराच्या हौदात, कारंज्यात सोडा. कुंडीच्या ताटलीत त्यांचा उपयोग नाही.

आणि पाणी नुसतं ओतून देऊ नका. ताटली, पिंप, मनी प्लांटची बाटली आतून काथ्याने घासा, विशेषतः जिथपर्यंत पाणी होतं त्या रेघेच्या वरची दोन बोटं जागा. अंडी मिलिमीटरपेक्षाही लहान, काळी, काजळाच्या बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. घासल्यावर ती मरत नाहीत, फक्त सुटतात. तेव्हा कडकडीत पाणी ओतून मगच ते फेका, काथ्यालाही तेच पाणी दाखवा. आणि ते धुवणाचं पाणी बाल्कनीतल्या दुसऱ्या कुंडीला घालायचा मोह टाळा. नेरूळच्या एका सुशिक्षित घरात मी हे प्रत्यक्ष पाहिलंय: ताटली चकाचक, आणि शेजारच्या तुळशीखाली नवी वसाहत.